डावीकडे वळणारी विमानं

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी माझी बहीण वैजयंती वर्गात फळ्यासमोर उभी होती. उभी असताना ती खाली बसली. मुलांना वाटलं, मॅडमचं काहीतरी पडलं आणि त्या शोधताहेत. हेडसर आले. जीप आली. पारशिवनीच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. ग्रंथालयात फोन वाजला तेव्हा मी पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवत होते.

या गोष्टीला वर्ष झालं. पुन्हा थंडी आली आहे. ग्रंथालयात पुस्तकं परत करायला येणाऱ्या मुलींच्या बोटांना संत्र्याचा वास येतो, आणि काही पुस्तकांच्या पानांत सालीचे तुकडे सापडतात. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या वाचनकक्षाच्या खिडक्या सकाळी उशिरा उघडतात. दहाच्या सुमाराला उन्हाचा एक पट्टा जमिनीवर येतो आणि वर्तमानपत्र वाचायला येणारे म्हातारे आपापल्या खुर्च्या त्याच्या मागे मागे सरकवत नेतात. बाहेर हवा थांबलेली असते. झाडाचं पान हलत नाही. अशी हवा दिसली की माझ्या मनात पहिला विचार येतो तो वैजूचा नसतो, तिच्या वाक्याचा असतो. "ताई, आज हवा काय मस्त थांबून राहिली वं! आज उडवाले पायजे."

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, पारशिवनीच्या पलीकडच्या एका गावात. दोन खोल्या, एक ओसरी, मागे तुरीचं शेत. तिसरी, चौथी आणि पाचवीला ती सगळं शिकवायची आणि शनिवारी सकाळी विमानं शिकवायची. वेळापत्रकात तिथे 'कार्यानुभव' असं लिहिलेलं होतं. विमानाचा मोसम तिनेच ठरवला होता: दिवाळी ते संक्रांत. पावसाळ्यात कागद मऊ पडतो आणि उन्हाळ्यात शेतावरून भोवरे उठतात. मधले हे अडीच महिने हवा शहाण्यासारखी वागते, असं ती म्हणायची.

ती विमानं कुठे शिकली, हे मला नीट माहीत नाही. कुठल्याशा प्रशिक्षणाला गेली होती. तिथे विमानं दुरुस्त करणारा एक माणूस आला होता. त्याने एका फुटपट्टीवर कागद ठेवून त्यावरून फुंकर मारून दाखवली आणि कागद वर उठला. घरी आल्यावर ती संध्याकाळभर कागदाच्या पट्ट्यांवर फुंकत होती. "पाय ना ताई, वरून हवा गेली तं कागद वर येते. खालून नाही, वरून!" मी पुस्तकातून मान वर केली, "हो" म्हटलं आणि पुन्हा खाली घातली. मला तेव्हा माहीत नव्हतं की ती फुंकर पुढची सहा वर्षं थांबणार नाही.

मी तिचा तास एकदाच पाहिला, ती असताना. विमानावर चार बाजूंनी कोणते जोर चालतात ते दाखवायला मुलांनी एका मुलीच्या कमरेला चार ओढण्या बांधल्या होत्या आणि चौघं चार बाजूंनी ओढत होते. पुढचा ओरडायचा, "मी ढकल!" मागचा, "मी ओढ!" एक मुलगी बाकावर चढून ओढणी वर खेचत होती, "मी उचल!" आणि खाली बसलेला एक गोल चेहऱ्याचा मुलगा ओढणी धरून नुसता बसला होता. वैजूने विचारलं, "आणि तू कोण गा?"

"मी वजन. मले काईच करा लागत नाही."

वर्ग हसला. वैजू तर खडू हातात धरून भिंतीला टेकून हसली. घरी ती इतकी हसत नसे. मी ओसरीवर एका खुर्चीत बसले होते, आणि मला आठवतं, की त्या हसण्याने माझ्या पोटात दुखलं. माझी बहीण इतकी हसू शकते, हे मला चाळीस वर्षांत तिने दाखवलं नव्हतं. त्या पोरांना शनिवारी सकाळी साडेनऊला फुकट दाखवत होती.

हेवा हा शब्द मी फार उशिरा वापरला. आधी मी त्याला काळजी म्हणायचे. रोज इतका प्रवास, बसचे धक्के, दुपारचा थंड डबा. मग मी त्याला शिस्त म्हणायचे. तिच्या केसांत थर्माकोलचे कण असायचे, ते घरभर सांडायचे, झाडूने निघायचे नाहीत, उडायचे. आम्ही दोघीच घरात. आई आणि बापू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी भाजी चिरायची आणि ती बोलायची: आज सुजलने बाटलीचं रॉकेट उडवलं. शीतपेयाची बाटली, त्यात पाणी, तोंडाला जुन्या चपलेच्या रबराचं बूच, बुचातून सायकलचा पंप. हेडसर नेमके मागून आले आणि सगळं पाणी त्यांच्या शर्टावर. "हेडसर म्हणे, मॅडम, चंद्रावर जायच्या आधी मले सांगत जा, मी रेनकोट घालून येत जाईन!" मी हसायचे आणि मनात नावं मोजायचे. एका जेवणात सुजल चार वेळा, सम्यका नऊ वेळा. माझं नाव एकदाही नाही. अर्थात समोर बसलेल्या माणसाचं नाव कोणी घेत नाही.

सम्यका तेव्हा तिसरीत होती. पुढचे दोन दात पडलेले, वेणी घट्ट, प्रश्न विचारताना हात वर करायच्या आधीच प्रश्न विचारून मोकळी. मी तिला पाहायच्या आधी तिला ओळखत होते आणि ती मला आवडत नव्हती. आठ वर्षांच्या मुलीबद्दल असं लिहिताना लाज वाटते. पण लिहिते आहे.

त्या थंडीत, म्हणजे वैजू गेली त्याच्या आदल्या वर्षी, नागपूरला मुलांचं एक प्रदर्शन व्हायचं होतं. प्रत्येक शाळेने स्वतःच्या हाताने बनवलेलं विमान आणायचं आणि सभागृहात आखलेल्या दोन दोऱ्यांच्या मधून सरळ उडवून दाखवायचं. इतकीच अट. वैजूची विमानं तोवर बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाची असत. मुलांच्या हातात कागद टिकायचा नाही. एका शनिवारी तीन विमानं फाटली आणि रविवारी वैजूने आईच्या ट्रंकेतून विरलेलं सुती लुगडं काढलं.

"कागद नाही, कापड लावते. वरून खळ देते. बापू सुताले द्यायचे ना, तशी. कडक होईल, हलकं राहील."

इथे मला बापूंबद्दल सांगावं लागेल. आमच्या घरी माग होता. खोलीच्या जमिनीत खड्डा, खड्ड्यात बापूंचे पाय. मी मोठी, माग चालू असताना मी दहा-बारा वर्षांची होते. वैजू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिला कळू लागलं तोवर माग मोडीत गेला होता आणि बापू बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या फाटकावर बसत होते. तेव्हा खळ तिने पाहिली असेल ती आईच्या कडेवरून. मी ती हाताने दिली आहे.

ताण्याला, म्हणजे मागाच्या उभ्या सुताला, खळ द्यायची म्हणजे पांजणी. गल्लीत लाकडी घोड्यांवर सूत लांबवर ताणायचं, त्याला पातळ खळ लावायची आणि मोठ्या कुंच्याने विंचरत विंचरत सुकवायचं. कुंचा एका बाजूने बापू फिरवायचे, दुसऱ्या बाजूने मी. हे सगळं दिवस वर यायच्या आत. थंडीत गल्लीत धुकं असायचं आणि खळीच्या पातेल्याची वाफ त्यात मिसळायची. माझी बोटं आखडायची. बापू म्हणायचे, "हात थांबवू नको वं पोरी. उन्हाच्या भरवशावर सोडलं तं एका अंगानं आधी सुकते, अन् जे अंग आधी सुकते ते दुसऱ्याले ओढून घेते." सूत पूर्ण कोरडं होईपर्यंत कुंचा चालू. दोन्ही बाजूंनी, एकाच चालीने. मी बापूंची चाल बघून माझी चाल धरायचे. आयुष्यात कुणाच्या इतकं बरोबरीने मी नंतर कधी चालले नाही.

त्या रविवारी दुपारी मी गच्चीवर संत्र्याच्या साली वाळत घालायला गेले. वैजूने बारा पंख कठड्याला टेकवून ठेवले होते, ओळीने, सगळे एकाच कलाने. कापड ताणलेलं, खळ ओली, वरून कडक ऊन. प्रत्येक पंखाचं एक टोक उन्हात होतं आणि एक टोक कठड्याच्या सावलीत. मी एका पंखाला हात लावला. उन्हातलं टोक कोरडं होऊन टणक झालं होतं. सावलीतलं अजून गार आणि दमट होतं. बोटाखाली कामटी किंचित पिळली जात होती. डोळ्यांना दिसणार नाही इतकी. पण माझ्या हाताला ते कळलं.

वैजू गच्चीच्या दुसऱ्या टोकाला फोनवर होती. पलीकडे सम्यका असावी, तिच्या आईच्या फोनवरून. वैजू म्हणत होती, "अगं, आमचे बापू विणकर होते ना. हे मी त्यायच्यापासून शिकली. माझ्या हातातच आहे ते."

माझ्या हातात साली होत्या. मी त्या सुपात पसरल्या, खाली गेले आणि चहा ठेवला.

प्रदर्शनाचं सभागृह ग्रंथालयापासून चालत दहा मिनिटांवर. मी गेले, तिसऱ्या रांगेत बसले. शहरातल्या शाळांच्या मुलांकडे खोक्यातून आलेल्या तयार भागांची विमानं होती, काहींचे शर्टही एकसारखे, छातीवर रॉकेट छापलेले. वैजूची सहा मुलं गणवेशात, तेल लावलेल्या केसांची, एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेली. त्यांचं विमान त्यांच्या मांड्यांवर आडवं होतं आणि सगळ्यांनी त्याला हात लावलेला होता. पंखांवर लुगड्याचा जांभळा काठ आला होता. सभागृहात तेवढंच विमान माणसांचं वाटत होतं.

सम्यकाने ते सोडलं. छान सोडलं, हात सरळ, पाऊल पुढे. विमान दोन दोऱ्यांच्या मधून चार-पाच हात गेलं, मग डावा पंख खाली करून वळलं. संथ, काही घाई नसल्यासारखं त्याने एक फेरी घेतली. बायकांच्या रांगेवरून गेलं, सूत्रसंचालकाच्या डोक्यावरून गेलं आणि व्यासपीठावर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या हारांच्या तबकात जाऊन उतरलं. लोक मोठ्याने हसले. टाळ्याही वाजल्या. परीक्षक म्हणाले, "उड्डाण उत्तम. दिशा चुकली." पुढचं नाव पुकारलं गेलं.

तेव्हा मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

वैजू मुलांसमोर हसतच होती. "बाप्पा! पाहुण्याले हार घालाले गेलं आपलं विमान!" मुलं हसली. सम्यका हसली नाही. तिने तबकातून विमान उचललं, पंखावर चिकटलेली झेंडूची पाकळी काढली आणि विमान छातीशी धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैजू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. "ताई, बाराही पंख लावून पाह्यले मी. सगळे डावीकडेच वळतात. काहून वळत असतील वं?"

मी कणीक मळत होते. "मला त्यातलं काय कळतं, वैजू? मी पुस्तकवाली."

"तसं नाही. तू बापूसंगं मागावर होती. खळीत काही चुकलं का?"

तिने मला विचारलं होतं. सरळ, लहान बहिणीसारखं, उंबऱ्यावर बसून. जे मला हवं होतं ते तिने माझ्यासमोर ठेवलं होतं: तुला माहीत आहे, मला नाही. मी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. मी म्हटलं, "इतक्या वर्षांचं कुणाला आठवतं?"

ती उठली. तिचा चेहरा पडला नव्हता. तिचा चेहरा सहसा पडत नसे. शनिवारी ती मुलांना म्हणाली, आणि घरी येऊन मलाही सांगितलं, की आपलं विमान चुकलेलं नाही. जगातली विमानं जातात. आपलं विमान जाते अन् परत येते. ते घर विसरत नाही. मुलांना हे इतकं आवडलं की पुढच्या शनिवारी त्यांनी सगळी विमानं तशीच करायला घेतली. तशीच खळ, तसंच ऊन, ओसरीच्या भिंतीला तसेच टेकवून.

माझ्या न बोलण्यातून एका शाळेत एक शास्त्र तयार झालं.

पुढची दिवाळी आली. तिने फराळाचे डबे भरले, त्यातले दोन शाळेसाठी. मग तो सोमवार.

तेरवीला मुलं आली. काळीपिवळी जीप करून, हेडसरांबरोबर, गणवेशात. ती दारातून ओळीने आत आली आणि फोटोसमोर पोचायच्या आधीच रडू लागली. तोंड उघडं टाकून, नाकाचं पाणी पुसायचंही भान नसलेलं रडणं. शेजारच्या बायका त्यांना जवळ घेत होत्या. पाणी आणा, पोट्ट्यायले पाणी द्या. मी कोपऱ्यात बसले होते. मला रडू येत नव्हतं आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मरण माझ्या घरातलं होतं. शोक ती पोरं घेऊन आली होती आणि घेऊन गेली.

निघताना मी सम्यकाला बाजूला घेतलं. मला एकच विचारायचं होतं. "त्या दिवशी मॅडम काही बोलल्या का?"

"हाव. 'थांबा रे, एक मिनिट' म्हणल्या. मग बसल्या. मी त्यायचा हात धरला होता."

"कोणता?"

तिने स्वतःचा उजवा हात पुढे केला आणि विचार करून सांगितलं, "खडूवाला."

पुढे कित्येक महिने मी त्या हाताचा विचार करत राहिले. खडूने पांढरा झालेला, सम्यकाच्या मुठीत. मी वैजूची बहीण. तिला चालायला मी शिकवलं होतं. तिच्या पहिल्या वहीला मी कव्हर घातलं होतं. आणि शेवटच्या मिनिटाला तिचा हात धरायची जागा नऊ वर्षांच्या एका मुलीला मिळाली, केवळ ती पहिल्या बाकावर बसायची म्हणून. नात्यात असं काही मोजता येत नाही, हे मी अनेक पुस्तकांत वाचलं आहे. पुस्तकं बंद केल्यावर मी मोजतेच.

यंदा दिवाळी झाली आणि हेडसर ग्रंथालयात आले. हातात टोपी, आवाज उगाच हळू. "ताई, मॅडमचं सामान तुमच्याकडे आहे. कामट्या, दोरे, कुंचे. पोट्टे विचारून राहिले. यंदा पुन्हा प्रदर्शन आहे. नवीन मॅडम आल्या, चांगल्या आहेत, पण त्यायले हे काही येत नाही. पोट्टेच एकमेकायले शिकवून राहिले."

"माणूस पाठवा," मी म्हणणार होते. म्हटलं, "मीच घेऊन येते."

शनिवारी मी दोन पिशव्या घेऊन बसमध्ये बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांची डोकी तेवढी वर दिसणारी. वैजू हा रस्ता रोज बघायची. तिने मला कधी सांगितलं नाही की तो या दिवसांत इतका सुंदर असतो. कदाचित सांगितलंही असेल. मी नावं मोजत असेन.

ओसरीवर एकोणीस मुलं होती. मधोमध पातेलं, पातेल्यात खळ. कुणाच्या तरी आईचं जुनं पातळ कापून चौकोन केले होते. सम्यका पाचवीत गेली होती, दात आले होते, आवाज वाढला होता. ती लहानांना सांगत होती, "असं नाही बे, असं. मॅडम असं करत होत्या." बोलताना तिने मान डावीकडे झुकवली. वैजू झुकवायची तशी. मी पिशव्या खाली ठेवल्या.

"कोण आलं?" एका लहानग्याने विचारलं.

"मॅडमची ताई," सम्यका म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

पंख तयार झाले. मुलांनी ते उचलले आणि पूर्वेच्या भिंतीला ओळीने टेकवले. एक टोक उन्हात, एक सावलीत. कुणी चुकीच्या कलाने ठेवला तर सम्यका तो उचलून नीट करत होती. पंखांना देवासारखे हात जोडणंच तेवढं बाकी होतं.

"हे असे ठेवले तर विमान वळतं," मी म्हणाले.

"हाव. मॅडमचं विमान वळतेच. परत येते ते."

"प्रदर्शनात सरळ न्यायचं आहे ना?"

सम्यका माझ्याकडे बघत होती. "मॅडम म्हणल्या होत्या, ते चुकलेलं नाही."

मी काय करणार होते, हे मला नीट ठाऊक होतं आणि त्यातलं निर्मळ काय आणि मळकं काय, हे मात्र ठाऊक नव्हतं. सांगितलं तर त्यांची मॅडम चुकली, असं मी त्यांना सांगणार होते, तेही ती आता उत्तर द्यायला नसताना. त्यात मला थोडा आनंद होणार होता, हेही मला कळत होतं. आणि नाही सांगितलं, तर एकदा केलं तेच मी दुसऱ्यांदा करणार होते. दोन्हीकडे हेवा होता. मग निदान विमान सरळ जाईल ते करावं, असं मी ठरवलं.

"तुमच्या मॅडमला खळीचं सगळं माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मला माहीत होतं. त्यांनी मला विचारलं होतं, पण मी सांगितलं नाही."

"काहून?"

"मला राग होता."

"मॅडमचा?"

"हो."

"काहून?"

"ती तुमच्याकडे जास्त हसायची."

एकोणीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी ग्रंथालयात तीस वर्षं लोकांना 'शांतता राखा' सांगितलं आहे. अशी शांतता कधी मिळाली नव्हती. मग तो गोल चेहऱ्याचा, एकेकाळी वजन झालेला मुलगा म्हणाला, "मी बी माह्या भावाले सायकल देत नाही. तो पडते तं मले मजा येते."

"गप बे, सुजल," सम्यका म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्यावर रागावली होती. तो राग मला योग्य वाटला. तिच्या जागी मी असते तर मला पिशव्यांसकट परत पाठवलं असतं. तिने एक पंख उचलला, माझ्यासमोर धरला. "मग कसं करतात? सांगा."

आम्ही सावलीत बसलो. दोन मुलींनी पंख दोन टोकांना धरायचा, आणखी दोघांनी वरून आणि खालून एकाच वेळी कुंचा फिरवायचा. मी खालून कुंचा धरला, सम्यकाने वरून. तिची चाल फार वेगात होती. "हात थांबवू नको," मी म्हणाले, "पण माझ्या चालीने चल." तिने ओठ आवळले आणि चाल जुळवली. कापड सुकेपर्यंत पाऊण तास गेला. मुलं कंटाळून विटीदांडू खेळायला गेली आणि परत आली. पंख सपाट होता. मी बोटाने चाचपला, मग तिने चाचपला.

विमान तिनेच सोडलं, शाळेच्या अंगणातून. ते सरळ गेलं. झेंड्याच्या खांबाच्या बाजूने, कुंपणावरून, तुरीच्या पिवळ्या फुलांवरून, सरळ, सरळ, आणि शेताच्या मधोमध कुठेतरी खाली गेलं. मुलं ओरडली आणि धावली. पाच मिनिटं तुरीतून नुसती डोकी फिरताना दिसली. मग ती हात हलवत परत आली. सापडलं नव्हतं. तिसरीतली एक छोटी मुलगी कुंपणाशीच उभी राहून रडू लागली. "मॅडमचं परत येत होतं."

सम्यका तिच्याजवळ गेली, तिचं नाक पुसलं. मग माझ्याकडे बघून, हिशेब मिटवल्यासारखं म्हणाली, "प्रदर्शनाले तुमचं नेऊ. ते बरोबर आहे. पण शाळेत मॅडमचं उडवू."

त्यांनी तसंच केलं. प्रदर्शनात विमान दोन दोऱ्यांच्या मधून सरळ गेलं आणि शेवटच्या भिंतीला टेकलं. टाळ्या पडल्या, बरा क्रमांक आला. कोणी हसलं नाही. परतीच्या गाडीत मुलं लगेच झोपली.

आता दर शनिवारी ओसरीवर दोन प्रकारचे पंख होतात. सावलीतले माझ्याबरोबर, उन्हातले त्यांचे ते. शेवटी सम्यका विचारते, आज कोणतं उडवायचं, आणि मुलं हात वर करतात. वैजूच्या विमानाला नेहमी जास्त हात येतात. गेल्या शनिवारी माझ्या विमानाला तीन आले, त्यातला एक सुजलचा, आणि तोही त्याने मध्येच खाली घेतला. मी हात मोजते. मोजायचं नाही असं ठरवून जाते आणि मोजते.

वैजूला सांगायचं ते राहिलं. मुलांना सांगून ते भरून निघालेलं नाही. हेवा अजून आहे. शनिवारची शाळा सकाळची असते, मी सव्वासहाच्या बसने जाते.